न बघता आणलेले दोन नवे

मित्रांनो, मी पायसांदू गावच्या सहकारी दवाखान्यातला एक जुना सर्व्हर आहे. जुना खुशाल म्हणा; भंगार म्हणालात तर ऐकून घेणार नाही.

अकरा वर्षांपूर्वी नेलिदाबाईंनी मला निवडलं. दवाखान्याची यंत्रं त्याच सांभाळतात. आमच्याकडे खुली, फुकट मिळणारी प्रणाली चालते. तिला कोणते भाग चालतात, याची यादी ती बनवणारे लोक देतात. बाई ती यादी आणि प्रणाली भरलेला पेन ड्राइव्ह घेऊन दुकानात आल्या. माझं झाकण काढलं, एकेका कार्डावरचा नंबर जुळवला आणि तिथेच मला चालू करून पाहिलं. दुकानदार म्हणाला, "बाई, मशीन घेताय की घोडा? दात तेवढे मोजायचे राहिले!" बाईंनी त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.

तेव्हापासून गावातल्या प्रत्येक पोराच्या लसीची नोंद माझ्या पोटात आहे. मी एकदाही दगा दिला नाही.

यंदा ओदिलोन नावाचे नवे व्यवस्थापक आले. त्यांनी यादीत मॉडेलचं नाव पाहिलं आणि दोन कोरे सर्व्हर मागवून टाकले. बाई म्हणत होत्या, आधी चालवून बघू. नाव तेच आहे, मग बघायचंय काय, असं म्हणून ओदिलोननी तो विषयच संपवला. शुक्रवारी मला उपटून व्हरांड्यात ठेवलं. माझ्या डोक्यावर कुणीतरी माते चहाचा थर्मास ठेवला. मला फार राग आला, मित्रांनो.

नाव तेच होतं, पण कारखान्याने आतलं डिस्क जोडणारं कार्ड बदललं होतं. नव्यांचे दिवे लागले, पण आमच्या प्रणालीला त्यांच्या डिस्कच दिसेनात. नोंदींची प्रत होती, ती उघडणार कशावर?

सोमवारी लसीची रांग लागली आणि ओदिलोननी बोलावलेला भंगारवालाही दारात आला. त्याने मला उचललं, तशा बाई आडव्या आल्या.

"याला हात लावायचा नाही. ओदिलोन, आधी तुझे नवे चालू करून दाखव."

बाईंनी मला आत नेऊन जोडलं. मी घरघरलो, पण उठलो. रांगेतल्या सुल्माचा कागद हरवला होता. तिच्या बाळाचा डोस गेल्याच आठवड्यात झाला होता, हे मी सांगितलं. नाहीतर पुन्हा टोचला असता. ओदिलोन तिथेच उभे होते. भंगारवाल्याला त्यांनीच परत पाठवलं.

मित्रांनो, मी काही अमर नाही. माझ्या जागी नवा आणा, माझी हरकत नाही. पण त्याचं झाकण उघडा, कार्डं वाचा, आपली प्रणाली त्याच्यावर चालवून बघा आणि मगच माझी वायर काढा. तोवर मी इथून हलत नाही.