कपाळाचं कापड

मी एक जुना आकडा आहे. गणितातला नव्हे, मित्रांनो, शस्त्रक्रियेतला. वीतभर लांबीची पोलादी दांडी आणि टोकाला सुईसारखा बाक. चिमट्यात धरली की कातडी चिरडते, म्हणून ती अलगद उचलायला मला घडवले गेले.

बावीस वर्षे मी एकाच डॉक्टरीणबाईंच्या हातात होतो. गालाची, कपाळाची कातडी वळवून त्या नाक पुन्हा उभे करत. नाक गेले म्हणजे अब्रू गेली, असे लोक सहज बोलतात. आमच्या खोलीत ते बोल खरेच मानून बसलेली माणसे येत.

त्यांत एक शिंपीणबाई होती. नाकाच्या शेंड्यावरची जखम दोन वर्षे भरली नाही, ती कर्करोगाची निघाली. ती काढल्यावर नाण्याएवढा खड्डा पडला.

"बुजवायला कापड कुठलं घेणार?" टेबलावर पडल्यापडल्या तिने विचारले.

"कपाळाचं. रंग, पोत, दोन्ही जुळतं," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पण पूर्ण तोडून लावलं तर जगायचं नाही. भुवईपाशी जोडलेलं ठेवून खाली वळवायचं. नाकाकडून रक्त मिळायला लागलं, की तीन आठवड्यांनी मधला पट्टा कापायचा."

"तोवर तो तोंडावर लोंबणार?"

"हो."

"मग माप नीट घ्या. माझ्या दुकानात चुकलं तर उसवता येतं."

शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ते कापड निळसर पडले. टाके घट्ट बसून रक्त आत तुंबले होते. सिस्टरने मला ट्रेमध्ये ठेवले. डॉक्टरीणबाईंनी दोन टाके कापले, मी कड जराशी उचलून धरली. काळपट रक्त ओघळले. मग हळूहळू निळाई ओसरली आणि कातडी गुलाबी झाली.

"उसवलंत ना शेवटी?" शिंपीणबाई पुटपुटली.

डॉक्टरीणबाई मटकन स्टुलावर बसल्या आणि हसल्या.

तिचा नवरा रोज ड्रेसिंगला सोबत यायचा, पण बोलायचा खिडकीकडे बघून. "गोळी घेतलीस का?" हेही खिडकीलाच विचारायचा. पंधराव्या दिवशी तिचा धीर सुटला.

"अहो, संसार माझ्याशी मांडलाय, खिडकीशी नाही. बघा इकडे!"

त्याने मान वळवली. बराच वेळ तो बघत राहिला.

"मला वाटलं, मी बघितलं तर तुला लाज वाटेल."

"आणि मला वाटलं, तुम्हाला किळस येते."

दुसऱ्या दिवसापासून पट्ट्यावरची खपली ओल्या बोळ्याने तोच पुसू लागला. त्याचा हात माझ्याहून हलका होता. आठवड्याने पट्टा कापला गेला. नाकावर दोऱ्याएवढी रेघ उरली, ती घेऊन बाई दुकानात गेली.

पुढे डॉक्टरीणबाई निवृत्त झाल्या. मी एकदा फरशीवर पडलो, टोक वाकले. तेव्हापासून खणात आहे. वाईट वाटते, पण वाकलेले टोक कातडी फाडते, तेव्हा मला बाहेर काढू नका.

मित्रांनो, एवढेच करा. कुणाच्या चेहऱ्यावर पट्टी असेल, व्रण असेल, तर नजर चोरू नका. टक लावूनही बघू नका. रोज बघता तसे बघा, आणि जेवलात का, ते विचारा.