सूर आहे तोवर

आर्गान्तेचा घसा ऐन कड्याच्या वळणावर बसला. त्याची बायको झेल्मिरा डोक्यावर जेवणाची टोपली घेऊन नेमकी तेव्हाच तिथे पोचली.

घसरगाडीवर बांधलेला संगमरवराचा ठोकळा घरातल्या खोलीएवढा होता. तो उताराच्या मध्यावर तीन दोरांना लटकून उभा. खाली साबण चोपडलेले ओंडके, आणि ठोकळ्याच्या तोंडाशी आर्गान्ते. तो मुकादम, घसरगाडी उतरताना मुकादमाने पुढेच उभं राहायचं, ही कार्राराच्या संगमरवरी खाणींची रीत. त्याने ओरडून सांगायचं, आणि वर कड्याआड खुंटांना वेढलेले दोर गड्यांनी वीतभर सोडायचे. त्यांना तो दिसत नाही, त्याला ते दिसत नाहीत. एका आवाजावर सगळा कारभार. आणि आता त्या गळ्यातून फुंकणीतून निघावी तशी नुसती हवा येत होती.

"सकाळी सांगत होते, जाऊ नका म्हणून," झेल्मिरा म्हणाली. आर्गान्तेने हात जोडले. बोलायची सोयच नव्हती.

"वहिनी, भांडण घरी करा," सेत्तिमिओ म्हणाला. ओंडके उचलून पुढे आणून टाकायचं काम त्याचं. "मी ओरडून पाहिलं. पण समोरच्या डोंगरावरूनही ठोकळा उतरतोय. तिथला मुकादमही तेच ओरडतोय. वर दोर धरून बसलेल्या तुमच्या दिराने, लिबेरोने, त्याचं ऐकून दोर सोडला, तर तुमच्या नवऱ्याचं पीठ होईल."

"मग थांबा. समोरचं उतरू दे."

"ढग बघा. साबणावर पाऊस पडला की दोर असले काय, नसले काय."

झेल्मिराने टोपली खाली ठेवली. नवरा त्या दगडापुढून हटणार नाही, हे तिला पक्कं ठाऊक होतं. गडी खाली असताना मुकादम बाजूला झालाय असं कधी घडलंच नव्हतं. वळणावरच्या खडकावर ती चढली. तिथून आर्गान्तेचा हात दिसत होता. वरचा कडा मात्र तिच्याही नजरेआड.

"या डोंगरात बाईचा आवाज दुसरा नाही ना?" तिने विचारलं. "मग यांचा हात खाली आला की मी गाते, मूठ वळली की थांबते. सूर आहे तोवर दोर सोडायचा. सूर तुटला की धरायचा. जा, भावजींना सांगून या."

सेत्तिमिओ धापा टाकत वर गेला आणि हसू दाबत परत आला. "लिबेरो विचारतोय, गाणार काय?"

"मला येतं ते. देवाच्या आईची, मरियेची नावं."

"त्याचाही तोच अंदाज होता. म्हणाला, मी देवळाची पायरी चढत नाही म्हणून वहिनीने देऊळच डोंगरावर आणलं. पण तयार आहे. भाऊ त्याचाच आहे."

रविवारी देवळात नावं झेल्मिराच सांगायची आणि प्रत्येक नावामागे बाया "आमच्यासाठी विनव" अशी झील धरायच्या. तिथे चूक झाली तर पाद्रीबाबा नुसते खाकरत. इथे चूक झाली तर ती विधवा होणार होती. तिने डोळे मिटले, लगेच उघडले. मिटून चालणार नव्हतं. आर्गान्तेचा हात खाली आला. तिने पहिलं नाव उचललं आणि सूर लांबवला. दोर करकरले. ठोकळा सरकला. त्याची मूठ वळली, तिने सूर तोडला, ठोकळा थांबला.

थांबल्यावर सेत्तिमिओ आणि त्याचे सोबती मागचे ओंडके उचलून पुढे टाकत. दुसऱ्या-तिसऱ्या नावाला कोणीतरी ओझ्याखालीच पुटपुटलं, "आमच्यासाठी विनव." पुढच्या नावाला तिघे म्हणाले. लहानपणी आईच्या पदराला धरून ऐकलेलं ते. अंगात मुरलेलं असतं. मग काम आणि झील बरोबरच चालू लागली.

"आई, पहाटेच्या ताऱ्या..." असं ती लांबवत असताना आर्गान्तेचा पाय साबणावरून घसरला. तो गुडघ्यावर आपटला. मूठ वळायला हातही वर आला नाही. झेल्मिराने ओंजळीतलं पाणी टाकावं तसा सूर टाकला. तो तुटला त्याच क्षणी ठोकळा जागच्या जागी उभा राहिला, नवऱ्याच्या टोपीपासून हातभर अंतरावर.

तो उठला. पाय झटकला. हात खाली केला.

पण तिला पुढचं नाव आठवेना. एवढ्या वर्षांचं पाठ, आणि तोंडात एक अक्षर नाही. आर्गान्ते पुन्हा पुन्हा हात खाली करत होता. पावसाचा थेंब तिच्या मनगटावर पडला. तेव्हा जे नाव आलं ते पोथीतलं नव्हतं. वारलेल्या सासूचं होतं. याच वाटेने जन्मभर डोक्यावरून वाळू वाहणारी तिची सासू.

"आर्मिदा माउली..."

ठोकळा सरकला, छान सरकला. मूठ वळली. तिने सूर तोडला. खालचे गडी गोंधळून गप्प राहिले. आणि वरून, कड्याआडून, एकट्या पुरुषाचा भसाडा आवाज आला, "आमच्यासाठी विनव."

आर्गान्तेने वर पाहिलं. झेल्मिराने डोळे पुसले नाहीत, कारण त्याचा हात दिसायला हवा होता. तिने पुढचं नाव आपल्या आईचं घेतलं. मग जन्मभर पाणी भरून गेलेल्या तेरेसिनाचं, मग गावातल्या वारलेल्या सुइणीचं. देवाच्या आईला राग आला असेल असं तिला वाटलं नाही. तीही कामकऱ्याच्याच घरातली. नावामागून नाव, वितीमागून वीत, ठोकळा पायथ्याच्या धक्क्यावर येऊन टेकला.

लिबेरो खाली आला तेव्हा त्याचे तळवे सोलून निघाले होते. आधी त्याने भावाला घट्ट मिठी मारली. मग तो वहिनीकडे वळला.

"उद्या अजून एक उतरवायचाय. दादाचा घसा काही उद्या उघडत नाही."

"मग?"

"मग या. आईचं नाव जरा आधी घ्या. दोर हाताला हलका लागला."

झेल्मिरा पाव आणि खारवलेली चरबी कापत होती. सेत्तिमिओ सरकत जवळ आला.

"वहिनी, माझ्या बायकोचंही घ्याल? पण ती जिवंत आहे. चालतं का?"

"जिवंत आहे म्हणता?" झेल्मिराने मोठा तुकडा त्याच्या हातावर ठेवला. "मग तिचं पहिलं."