काळुरामच्या मांडीचं माप

शीळफाट्यापासून जरा आत, टॉवरांच्या मधोमध उरलेल्या गावात ठमाबाईचं घर. तिचा नवरा काळुराम गच्चीवरची टाकी धुताना पाय घसरून पडला आणि कमरेच्या हाडाला तडा गेला. ऑपरेशन नको, पण सहा आठवडे अंथरुणातून उठायचं नाही, असं डॉक्टर म्हणाले. ठमाबाई त्याच संध्याकाळी गावदेवीपुढे नवस बोलून आली. हे चालायला लागेपर्यंत मी मासळीला शिवणार नाही!

आता आगरी माणसाच्या घरात सुकी मासळी नाही, ओली नाही, म्हणजे काय हाल, ते खाणाऱ्यालाच विचारा.

काळुरामला ती पेज द्यायची. पडून असलेल्या माणसाला हलकंच द्यावं, ही तिची समजूत. तोही "भूक नाय गो" म्हणत अर्ध्या वाटीवर हात आखडता घ्यायचा. सहा आठवड्यांनी हाड सांधलं. डॉक्टरांनी धरून उभं केलं, तर काय, त्याचे गुडघे लपकन दुमडले! महिनाभरात पायात जोर आला नाही तर हे अंथरूण सुटणं कठीण, असं डॉक्टरांनी स्पष्टच सांगितलं. ठमाबाईला वाटलं, देवीनं ऐकलं नाही, की आपलंच काही चुकलं?

रविवारी कळव्याहून नात आली, समृद्धी. ठाण्याला कॉलेजात आहारशास्त्र शिकते, आणि तोंड म्हणाल तर नुसता फटाका. तिनं शिंप्याची टेप काढून आज्याची मांडी मोजली आणि तिचा चेहरा उतरला.

"आजी, ह्याला खायला काय घालतेस?"

"पेज."

"फक्त पेज? अगं, अंतराळात जातात ना, त्यांचं असंच होतं. तिथं पायांवर वजनच पडत नाही. मग मांस झडतं, हाडं ठिसूळ होतात, वर भूकपण कमी होते. शास्त्रज्ञांनी धडधाकट माणसांना आठवडेच्या आठवडे पलंगावर निजवून बघितलंय. तिथंही तेच! म्हणून अंतराळवीरांना रोज व्यायाम आणि खाणं मोजूनमापून. आज्याला अंडी, डाळ, मासे पाहिजेत, रोजच्या रोज."

"म्हंजे मी रॉकेटमंदी हाय?" काळुराम एकदम खूश.

"हो, आणि आजी त्यात पेज भरतेय!"

ठमाबाई पदर खोचून उठली. "नवस माझा हाय, ह्यांचा नाय. आजपासून ह्यांना मासळी."

काळुरामनं तोंड भिंतीकडे फिरवलं. "मना नको."

"आता काय झालं?"

"तू चटणीभाकर खाणार नि मी तुझ्यासमोर बोंबील चावू? नाय जमाचा."

अस्सं! म्हणजे ती रोजची 'भूक नाय' निम्मी खोटी होती. ठमाबाईला राग आला, नवऱ्याचाही आणि स्वतःचाही. मग डोळे भरून आले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती देवळात गेली. हात जोडले, पण मान काही वर होईना. "माय, नवस मोडतंय मी. माझ्यापायी ते उपाशी रहातान. कोपायचं तर माझ्यावर कोप, त्यांच्या पायांना काय करू नको."

येताना तिनं ओले बोंबील घेतले. कालवण केलं, दोन ताटं वाढली आणि काळुरामच्या समोर बसून पहिला घास स्वतः घेतला. "झाला? आता गिळा!" काळुरामनं ताट चाटून पुसून स्वच्छ केलं.

त्यानंतर रोज अंडी, डाळ, मासे. सकाळ-संध्याकाळ पडल्यापडल्या पाय उचलायचे, ते समृद्धीनं शिकवलेलं. दर रविवारी ती येऊन टेप लावायची. सुरुवातीला माप हललं नाही. काळुराम पाय उचलताना कण्हला की ठमाबाईचा जीव खालीवर व्हायचा. कोपली का ग माय?

चौथ्या रविवारी ती स्वयंपाकघरात बोंबील तळत होती. तव्यावर नजर, पण मन देवळात.

"जाळ कमी कर गो, करपतान ते."

"कळतंय मना!" ती नेहमीसारखी खेकसली. मग थबकली. आवाज पलंगावरून आला नव्हता. पार पाठीशी आला होता.

ती वळली. दारात काळुराम, समृद्धीनं आणलेल्या वॉकरला धरून उभा. गुडघे लटपटत होते, पण दुमडत नव्हते. मागे समृद्धी दोन्ही हात पसरून उभी, त्याला न धरता.

ठमाबाईच्या हातातलं उलथनं पडलं. "पावलीस ग माय," म्हणत ती तिथंच ओक्साबोक्शी रडायला लागली. बोंबील करपले ते करपलेच. काळुरामनं ते तिच्या हातून उभ्यानंच खाल्ले.