राणीचं पुढे काय झालं

‘श्रीराम जयराम जय जय राम’ अकरा वेळा म्हणून होईपर्यंत जलपरीची कंबर सोडायची नाही, असा विनयाचा नियम होता. वरचं धड पोरीचं, खालचं माशाचं. कडेवरून सोल्यूशनचा ब्रश फिरवायचा, दोन्ही अर्धे भाग एकमेकांवर बसवायचे आणि धरून ठेवायचं. सुपरवायझर व्हॅलेरियनने वीसपर्यंत आकडे मोजायला सांगितलं होतं. पण आकडे मोजताना मन भलतीकडे जातं आणि नाम घेताना जात नाही, असा तिचा अनुभव. समोरच्या स्टुलावरची पॉलिन मरियेची प्रार्थना दोनदा म्हणायची. दोघींचे सांधे सारखेच पक्के बसत, म्हणून व्हॅलेरियन काही बोलत नसे.

वालीवच्या त्या गाळ्यात एरवी बाहुल्या आणि मोटारी व्हायच्या. या पावसाळ्यात मात्र परदेशातल्या कुठल्याशा मुलांच्या संग्रहालयाची ऑर्डर आली होती. आठ प्रकारचे प्राणी, आठही अर्धेमुर्धे. कमरेखाली घोडा असलेला माणूस, गरुडाच्या तोंडाचा सिंह, बैलाच्या डोक्याचा पहिलवान, कोल्ह्याच्या तोंडाचा देव, पक्ष्याच्या पायांची बाई. कोण कुठल्या देशाचा, ते खोक्यावर छापलेलं होतं. पॉलिन म्हणायची, देश वेगळे असले तरी खूळ सगळ्यांचं एकच. विनयाला ते खूळ वाटत नसे. कोल्ह्याच्या तोंडाचा तो ती कधी उलटा ठेवायची नाही. कुणाचा तरी देव असेल, असं म्हणून क्रेटमध्ये त्याला हळूच उभा करायची.

श्रावणातला शेवटचा शुक्रवार होता. पॉलिनने नेहमीसारखा उमेळ्याहून वाडीतला आघाडा आणि दूर्वा वर्तमानपत्रात गुंडाळून आणल्या होत्या. जूचंद्रला विनया राहायची त्या इमारतींच्या गर्दीत आघाडा कुठला उगवायला? बारा वर्षं श्रावणातल्या प्रत्येक शुक्रवारी जिवतीची माळ पॉलिनच्या वाडीतल्या आघाड्याचीच व्हायची. आधीचा कागद गेल्या शुक्रवारच्या पावसात खिडकीशी भिजला होता, म्हणून विनयाने सकाळीच नवा जिवतीचा कागद घेतला होता. डब्याच्या सुट्टीत पॉलिनने तो उलगडून बघितला आणि वरच्या नरसिंहावर बोट ठेवलं.

“हा तर आपल्याच टेबलावरचा गं. ह्याचा सांधा कुठंय?”

“देवाच्या हातचं काम ते,” विनया म्हणाली. “दिसायचा नाही.”

“आणि ह्या खालच्या दोघी? मांडीवर पोरं घेतलेल्या?”

विनयाचा उपास होता. समोर नुसता पाण्याचा तांब्या घेऊन तिने त्या दोघींतल्या जरेची गोष्ट सांगितली. एका राजाच्या दोन राण्या होत्या. ऋषींनी दिलेला आंबा दोघींनी अर्धा अर्धा खाल्ला. दिवस भरले तशी दोघींना मुलंही अर्धी अर्धीच झाली. घाबरून ती वेशीबाहेर टाकून दिली. तिथून जरा नावाची राक्षसीण चालली होती. तिने दोन्ही अर्धी उचलली, सहज एकमेकांना लावली आणि मूल टॅहॅ करून रडलं.

“मग ठेवून घेतलं तिनं?”

“नाही. राजवाड्यात नेऊन दिलं. त्याला नाव मात्र तिचं मिळालं.”

“आणि तिला?”

विनयाने कागदाची घडी घातली. “तिला ह्या कागदावर जागा मिळाली.”

पॉलिनने स्टूल जवळ ओढलं. मग खालच्या आवाजात म्हणाली, “तुझा लेक आज येतोय ना? तुला न्यायलाच येतोय, बघ तू.”

तेच तर विनयाच्या मनात चार दिवस घोळत होतं. संकेतचा फोन आला होता. मुंबईत ऑफिसचं काम आहे, शुक्रवारी दुपारी दोन तास घरी येईन, रात्रीच्या विमानाने परत बंगळुरूला. आणि फोन ठेवता ठेवता तो म्हणाला होता, “विनूआई, घरातून न्यायचंय गं एक. आल्यावर बोलतो.” त्या रात्री तिने माळ्यावरची बॅग खाली काढली. पावसाळ्यात बुरशी धरते, पुसायला नको का, असं स्वतःलाच सांगत पुसली. दुसऱ्या दिवशी तिच्यात दोन साड्या ठेवल्या. त्यातली एक कोरी होती.

तिने अर्ध्या दिवसाची रजा मागितली, तेव्हा व्हॅलेरियन म्हणाला, देवीला सांगा, सोमवारपर्यंत चारशे जलपऱ्या पाहिजेत. पण मान हलवून त्याने सोडलं.

शेअर रिक्षात कडेला बसून येताना पावसाचे शिंतोडे अंगावर येत होते. तिने पिशवीतला आघाडा पदराखाली घेतला.

विनयाचं लग्न झालं तेव्हा ती एकतीस वर्षांची होती आणि संकेत सहा वर्षांचा. रमेशची पहिली बायको सुनंदा तापाने गेली, त्याला दीड वर्ष झालं होतं. आई वर देवाघरी आहे, हिला आई म्हणायचं नाही, असं नातेवाइकांनी पोराला पढवून ठेवलं होतं. पोर शहाणं. दोन महिने त्याने तिला कशीच हाक मारली नाही. मग एके दिवशी शाळेतून आल्यावर दारातूनच ओरडला, “विनूआई, भूक.” अर्धं तिचं नाव, अर्धी आई. तिला ते इतकं गोड वाटलं की पुढे कधी तिने बदलायला सांगितलं नाही. तिला स्वतःचं मूल झालं नाही. व्हावं म्हणून तिने कधी नवसही केला नाही. असलेल्यासाठी मात्र जिवतीचं व्रत धरलं. श्रावणात हिरवं नेसायचं नाही, तांदळाचं धुवण ओलांडायचं नाही, कारल्याच्या मांडवाखालून जायचं नाही. अठ्ठावीस वर्षांत एकही नियम मोडला नव्हता.

एक गोष्ट तेवढी दर शुक्रवारी टोचायची. पूजा झाली की कहाणी वाचायची. तिच्यातली राणी सुईणीला हाताशी धरून दुसरीचं बाळ पळवते आणि आपलं म्हणून वाढवते. खरी आई लांबून रोज अक्षता टाकते, जिथे माझं बाळ असेल तिथे सुखी ठेव म्हणते. शेवटी मुलाला खरं कळतं, तो आईला ओळखतो आणि कहाणी सुफळ संपूर्ण होते. विनयाने कुणाचं मूल पळवलं नव्हतं. तरीही राणी आली की तिचा आवाज खाली जायचा. नऊ वर्षांचा संकेत एकदा पुरणाचा दिवा खाता खाता म्हणाला होता, “मग राणीचं पुढे काय झालं?” पोथीत ते नव्हतं. “उद्या सांगते,” विनया म्हणाली होती.

संकेत चार वाजता आला. केसांत पाणी, हातात लॅपटॉपची बॅग. कपाळावरचे केस मागे हटले होते आणि रमेशसारखाच डाव्या बाजूला मान कलती ठेवायची सवय लागली होती. तिच्यासाठी गोळ्यांची डबी घेऊन आला होता, वारांची नावं लिहिलेली, सात खणांची. गुडघे कसे आहेत विचारलं, पाण्याची टाकी झाली का विचारलं. सुनेची तब्येत सांगितली, पिंकी आता पूर्ण वाक्यं बोलते म्हणून सांगितलं. पिंकीही फोनवर तिला विनूआईच म्हणायची. बापाचं ऐकून उचललं होतं पोरीने.

विनयाने पाट मांडला. तो जीन्स वर खेचत कसाबसा मांडी घालून बसला. तो बंगळुरूला गेल्यापासून आठ वर्षं ती चार भिंतींकडे अक्षता टाकत आली होती, आज समोर खरं डोकं होतं. तिने कुंकू लावलं, केसांवर अक्षता ठेवल्या आणि पुरणाच्या पाच दिव्यांनी ओवाळलं. त्याने डोळे मिटून घेतले होते, सहा वर्षांचा असताना मिटायचा तसेच. ओवाळून झाल्यावर त्याने तिच्या पाया पडून एक दिवा उचलला, वात काढली आणि अख्खा तोंडात टाकला.

“एकच हं,” तो म्हणाला. “साखर बंद केलीय.”

मग त्याने घड्याळ पाहिलं. खाली गाडीवाला थांबला होता.

“तू फोनवर म्हणालास,” विनया हळूच म्हणाली, “न्यायचंय म्हणून.”

“हो ना. तेच.” तो उठून दक्षिणेच्या भिंतीपाशी गेला. “हा फोटो न्यायचा होता.”

त्या भिंतीवर एकच तसबीर होती. रमेश गेल्यावर विनयानेच ती वसईतल्या स्टुडिओतून करून घेतली होती, संकेतच्या म्हणण्यावरून. सुनंदाचा सव्विसाव्या वर्षीचा फोटो आणि रमेशचा साठीतला, दोन्ही एकत्र करून. स्टुडिओवाल्याने दोघांच्या मागे एकच निळं आभाळ केलं होतं आणि त्याचा खांदा तिच्या पदराला टेकवला होता. येणारे-जाणारे म्हणायचे, काय सुंदर जोडपं. वयांत अंतर दिसलं तरी सांधा कुणाला दिसायचा नाही. विनयाला मात्र खांदा कुठे संपतो आणि पदर कुठे चिकटवलाय, ते पहिल्या दिवसापासून दिसत होतं. रोज ती तिथेच हार घालायची. घालताना तिला वाटायचं, तिघंही आहोत की या घरात.

“पिंकी विचारते गं,” संकेत सांगत होता. “नर्सरीत फॅमिली ट्री करायला सांगितलंय. आजी-आजोबा कसे होते, ते तिला कळायला नको? देवघराच्या शेजारीच लावतो. रोज बघेल.”

“हो तर,” विनया म्हणाली. “बरोबर आहे. कळायला हवं.”

“तुला चालेल ना? नाहीतर कॉपी काढून...”

“कॉपीला काय अर्थ? हाच ने.”

तो खुर्ची सरकवायला लागला, पण तिने त्याला वर चढू दिलं नाही. स्वतः चढली. आधी हार काढला, मग नमस्कार केला आणि तसबीर खिळ्यावरून उचलली. ती वाटली होती त्यापेक्षा हलकी होती.

“काच आहे,” ती म्हणाली. “अशी नको नेऊस.”

दारामागे ठेवलेल्या बॅगेची चेन तिने उघडली. कोरी साडी वरच होती. तेव्हा कुठे संकेतचं लक्ष बॅगेकडे गेलं.

“कुठे निघालीस का?”

“छे रे. बुरशी धरली होती. वाळायला ठेवलीय.”

तिने जमिनीवर साडी पसरली, तसबीर मधोमध ठेवली आणि चारही बाजूंनी घड्या घातल्या. गाळ्यातली रबरं पर्समध्ये होतीच. ती चढवून तिने दोन्ही तळवे काचेवर दाबले आणि ओठ हलायला लागले. संकेत वाकून म्हणाला, “झालं की, विनूआई. बसलंय घट्ट.”

“अकरा होऊ देत,” ती म्हणाली.

तो थांबला. अकरा झाले.

जिन्यात त्याने तिला मिठी मारली, दिवाळीला तू ये ना, बघू या जमतंय का, असं काहीबाही बोलला. तिने पर्समधून जलपरी काढून त्याच्या खिशात घातली. तुकडे नापास मालातले होते, सांधले मात्र तिने होते, आणि व्हॅलेरियनला विचारून घेतली होती. “पिंकीला दे.” त्याने जलपरी उजेडात फिरवून बघितली.

“जोडलीय कुठे, समजतच नाही,” तो हसून म्हणाला आणि कडेला साडीतली तसबीर सांभाळत खाली उतरला.

दिवेलागण झाली. विनयाने निरांजन लावलं, आघाड्याची माळ नीट केली आणि सकाळपासूनच्या उपासावर दूध-फुटाण्यांचा नैवेद्य दाखवला. उरलेले चार पुरणाचे दिवे ताटात गार झाले होते. पोथी उघडून तिने कहाणी वाचायला घेतली. घरात कुणी नसलं तरी ती मोठ्यानेच वाचायची. ऐकणारं नसेल तर देवी ऐकते. राणी आली, सुईण आली. आज तिने आवाज खाली नेला नाही. मुलाला खरं कळलं, त्याने आईला ओळखलं. साठा उत्तरांची कहाणी संपली.

पोथी मिटली, पण ती उठली नाही. थोड्या वेळाने, वाचत असल्यासारख्याच आवाजात, ती म्हणाली, “आणि राणी पण त्या दिवसापासून दर शुक्रवारी अक्षता टाकायला लागली. लांबून.”

आज खरं तर त्याची गरज नव्हती. लेकराला समोर बसवून ओवाळलं होतं. तरी तिने वाटीतल्या अक्षता मुठीत घेतल्या. पूर्वेला टाकल्या, पश्चिमेला, उत्तरेला. मग बंगळुरूकडे तोंड केलं. भिंत धुराने आणि वर्षांनी मळली होती, तसबिरीच्या जागी मात्र जुना पिवळा रंग चौकोनात तसाच राहिला होता, वर एक खिळा. जिथे माझं बाळ असेल तिथे, असं ती म्हणाली. अक्षता त्या चौकोनाला लागल्या आणि खाली पडल्या.