हिरवाच कोमेजलो मी

मी टोमॅटोचं झाड बोलतोय. कमरेइतका उंच, पानं हिरवीगार, आणि मरायला टेकलेला. एकही पान पिवळं पडलं नाही, म्हणून कुणाला पटत नाही इतकंच.

माझं बी आमच्या बेटावरच्या सिंगाटोका नदीकाठच्या गावात, रायजिएलीच्या डब्यात जपलेलं. सगळं गाव तिला बुबू म्हणतं, म्हणजे आजी. दरवर्षी सगळ्यांत गुबगुबीत टोमॅटो निवडून ती त्याचं बी राखेत घोळवून ठेवायची. माणसं बी निवडताना फळाचा चेहरा बघतात. मुळाला काय सोसतं, हे कोण विचारतो? आमच्या घराण्याला या मातीतला मर रोग सोसत नाही. दोन वर्षं अख्खा वाफा बसला.

मग ऑकलंडहून तिच्या मुलाचा, सेमीचा फोन आला. "आई, या खेपेला बाग गेली तर तू इकडे यायचंस. एकटी कुणाच्या आधारावर राहतेस?"

"आणि बाग उभी राहिली तर पुन्हा विषय काढायचा नाही," बुबू म्हणाली.

तिची नात आलेसी शेतकी कॉलेजात शिकते. मर रोगाला दाद न देणाऱ्या जातीची आठ रोपं तिनं बसमध्ये मांडीवर धरून आणली.

"बुबू, याचं फळ लहान असतं. नाक मुरडू नकोस."

"लहान तर लहान. उभं राहिलं म्हणजे झालं."

आलेसी परत गेली आणि शेजारीण आली. 'केरेकेरे' म्हणाली. हा शब्द उच्चारून मागितलं की आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही. दोन रोपं गेली. पाद्रीबाई दोन घेऊन गेल्या. मग आला इलाइसा, बुबूचा मामेभाऊ. थट्टा करणं हा त्याचा नात्यानं मिळालेला हक्कच.

"ऑकलंडला जाऊन काय करशील गं? फ्रिजमधल्या टोमॅटोंशी गप्पा?"

"तुझ्याशी बोलण्यापेक्षा त्या बऱ्या."

"मग इथं रोपं कशाला हवीत? केरेकेरे, चारही दे."

तिनं हसत हसत दिली. रिकाम्या खड्ड्यांत मी आणि माझी भावंडं लागलो.

सुट्टीत आलेसी आली. तिनं आमची पानं लगेच ओळखली.

"एक तरी ठेवायचंस, बुबू!"

"दारात आलेल्या माणसाला काय सांगू? आधी माझं पोट?"

आलेसी आमच्या बुडाशी माती ओढू लागली. मला मात्र संताप आला. बुबूच्या देण्याचा नाही. अख्ख्या गावासाठी आठच रोपं का? ज्या जातीनं घरोघरच्या बागा तगतील, ती एका पोरीच्या मांडीवरून का यावी?

फळं धरली आणि एका दुपारी माझा शेंडा लवला. संध्याकाळी सावरलो. तिसऱ्या दिवशी सावरलो नाही. आलेसीनं माझ्या शेजारच्या भावाला बुडातून कापलं आणि खोडाचा तुकडा पाण्याच्या ग्लासात धरला. कापल्या जागेतून दुधासारखे धागे खाली उतरू लागले, मर रोगाचीच खूण.

बुबू वाकून बघत होती. "यावर औषध?"

"नाही."

"मग तिथं शिकतेस तरी काय?"

"कोणतं रोप लावायचं, ते."

बुबूनं स्वतःच सेमीला फोन लावला. "तिकीट काढ," एवढंच म्हणाली.

इलाइसाच्या अंगणात ती चार झाडं फळांनी वाकली आहेत. काल त्यानं वाडगाभर टोमॅटो आणून ओट्यावर ठेवले आणि एकही थट्टा न करता निघून गेला.

मला उपटून जाळायला सांगून आलेसी कॉलेजला गेली. बुबूचा हात धजत नाही. विमानाला चार दिवस उरलेत, आणि ती रोज सकाळी येऊन मला पाणी घालते. अगं, नको घालूस. तेच पाणी माझा रोग घेऊन उतारानं शेजारणीच्या वांग्यांकडे चाललंय. उपट मला, बुबू. आजच उपट.