खंडेनवमीची वाफ

मल्हाररावांच्या घरात महिनाभर एकच प्रश्न मुक्कामाला आला होता: मोनिकाचा दम गेला कुठं?

मोनिका त्यांची धाकटी लेक. वय एकोणीस, आणि पोलीस भरतीची उमेदवार. भरतीत मुलींना आठशे मीटर पळावं लागतं. दोन मिनिटं पन्नास सेकंदांच्या आत आलं की पैकीच्या पैकी गुण. आषाढात ती दोन अठ्ठेचाळीसला यायची. भाद्रपदात तीन मिनिटं लागू लागली आणि परवा तीन चौदा. शेवटच्या वळणावर ती गुडघ्यांवर हात ठेवून वाकायची आणि खोकायची. मैदानी चाचणी दिवाळीनंतर होती, म्हणजे हातात महिना-सव्वा महिना.

चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत मल्हाररावांचं लोखंड कातायच्या लेथ मशीनचं वर्कशॉप होतं. मशीनचा आवाज जरा बदलला की कुठलं बेअरिंग गेलं, हे ते हातातला चहाचा कप खाली न ठेवता सांगत. मुलीच्या छातीतला आवाज मात्र त्यांना ओळखता येईना. त्यांनी बूट बदलून पाहिले. खारका सुरू केल्या. अंडी दोनाची चार केली. जवळच्या विमानतळावरच्या विमानांचा धूर बाधत असेल म्हणून मैदान बदललं, तरी विमानं तिथंही आलीच. रोज सकाळी ते मैदानाच्या कडेला घड्याळ घेऊन उभे राहत आणि लेक समोरून गेली की हुरूप द्यायला नुसता हात हलवत. इतर बाप ओरडत. मल्हाररावांना ओरडता येत नसे, कारण तोंडात पुडी असे.

पुडी म्हणजे गुटखा. राज्यात त्याच्यावर कैक वर्षांपासून बंदी आहे हे आपणा सर्वांना ठाऊक आहे, तसं ते मल्हाररावांनाही ठाऊक होतं. ते कायद्याला मानणारे गृहस्थ होते, म्हणून पुडी कधी मोठ्यानं मागत नसत.

तर खंडेनवमी आली. ज्याच्यावर पोट भरतं ते हत्यार या दिवशी पुजायचं. केसरबाईंनी, म्हणजे मोनिकाच्या आईनं, वर्कशॉपमध्येच पाट मांडला. मल्हाररावांचा मापं घ्यायचा व्हर्नियर, मायक्रोमीटर, ड्रिलची चार पाती आणि आपली शिलाईची कात्री ठेवून झाली. राहता राहिली मोनिका. तिचं हत्यार काय? लेखी परीक्षेचा पेन! केसरबाईंनी लेकीची सॅक उघडली. वरच्या कप्प्यातले पेन दोन-दोन रुपयांवाले, टोपणं चावलेली. ते काय पुजायचे? मात्र आतल्या चोरकप्प्यात एक गुबगुबीत, पिवळाधमक पेन निघाला. त्याच्यावर आंब्याचं चित्र होतं आणि वास तर असा की आश्विनात आमरसाची आठवण यावी. टोपण काही निघेना, पण भारी वस्तूंची टोपणं लवकर निघत नाहीत हा केसरबाईंचा अनुभव. त्यांनी तो पाटाच्या मधोमध ठेवला आणि लेकीच्या भविष्याचा प्रश्न असल्यामुळं त्याला हळद-कुंकू जरा सढळ हातानं लावलं. वर झेंडूचं फूल ठेवलं.

पूजेला वसाहतीतली पंधरा-वीस माणसं होती. कॉलनीचे अध्यक्ष साहेबराव होते. जिल्हा परिषदेतून निवृत्त झालेले तात्यासाहेब होते. शेजारच्या सत्यशीलाताईही आल्या होत्या. सरकारी घाटी दवाखान्यात तीस वर्षं सिस्टर म्हणून राबून त्या गेल्या वर्षी निवृत्त झाल्या होत्या. त्या पूजापाठ मानत नसत; हात जोडायला नव्हे, शेजारधर्मानं येत, आणि केसरबाई दर वर्षी त्यांच्यासाठी पाटावर न ठेवलेल्या पेढ्यांचा वेगळा पुडा ठेवत.

आरती झाली. मल्हाररावांनी नमस्कार करून डोळे उघडले तर त्यांना दिसलं की पोरीच्या पेनाच्या टोकाला असलेल्या भोकात हळद गेली आहे. आता लेथवाल्याला भोकात काही अडकलेलं बघवत नाही. चाळीस वर्षांची सवय: बारीक नळीत लोखंडाचा बुरा अडकला की ती तोंडाला लावायची आणि एका दमात ओढून मोकळी करायची. त्यांनी मायेनं पेन उचलला, तोंडाला लावला आणि चांगला ओढला.

पेनाच्या बुडाशी निळा दिवा लागला.

मल्हारराव दचकले आणि त्यांनी श्वास सोडला. त्याबरोबर त्यांच्या नाकातून पांढऱ्याशुभ्र वाफेचे दोन लोट निघाले, पूजेच्या पाटावरून तरंगत गेले आणि हात जोडून उभ्या असलेल्या तात्यासाहेबांच्या तोंडावर विसावले. सगळ्या वर्कशॉपभर हापूस आंब्याचा वास पसरला.

तात्यासाहेबांना क्षणभर हा पूजेचाच भाग वाटला आणि त्यांनी पुन्हा हात जोडले. तेवढ्यात पेढ्यांचं ताट घेऊन मोनिका दारात आली. तिनं बापाच्या हातातली वस्तू पाहिली, आणि ताटासकट दोन पावलं मागं सरकली.

"मल्हारभाऊ," सत्यशीलाताई शांतपणे म्हणाल्या, "ठेवा ते खाली. पेन नाय तो. व्हेप म्हणत्यात त्याला. विजेवरची सिगारेट. संपली की फेकून द्यायची."

मल्हाररावांचं डोकं गरगरत होतं. ते निकोटीनमुळं की 'सिगारेट' या शब्दामुळं, हे त्यांना सांगता आलं नसतं. महिनाभर शोधत असलेलं उत्तर त्यांच्या हातात होतं आणि त्याला हळद-कुंकू लागलेलं होतं.

साहेबरावांना सभा घ्यायला निमित्त लागत नाही, इथं तर कारणच होतं. त्यांनी तिथल्या तिथं प्लास्टिकच्या खुर्च्या गोल करायला लावल्या आणि तरुण पिढी, परदेशी कावा आणि मोबाइल यांच्यावर दहा मिनिटं भाषण केलं. गालात पुडी असल्यामुळं त्यातलं कुणाला फारसं कळलं नाही; त्यामुळं विरोध असा झालाच नाही. शेवटी त्यांनी बाहेर जाऊन तोंड मोकळं केलं आणि परत येऊन ठराव मांडला, की या वस्तूवर सरकारनं ताबडतोब बंदी घालावी.

"घातलीय की," सत्यशीलाताई म्हणाल्या. "दोन हजार एकोणीस सालापासून. सगळ्या देशात. विकायची नाय, साठवायची नाय, बाहेरून आणायची नाय."

व्हेप पाहून बसला नव्हता एवढा धक्का सभेला हे ऐकून बसला. तात्यासाहेब म्हणाले, इतक्या वर्षांत आपल्याला कुणी कळवलं कसं नाही. नोकरीत असताना प्रत्येक परिपत्रक त्यांच्या टेबलावरून जात असे. एकानं विचारलं, बंदी आहे तर मोनिकाला दंड किती. दुसऱ्याचं म्हणणं, बंदी घातली म्हणूनच पोरांना गोडी लागली, उठवून टाका. तिसरा म्हणाला, वाफच तर आहे, आपण सर्दीला घेतो तशी. प्रत्येकाला बंदीबद्दल मत होतं, फक्त बंदी माहीत नव्हती.

केसरबाईंनी पदरानं हात पुसले आणि एकच गोष्ट विचारली.

"बंदी हाय, तर माझ्या पोरीच्या सॅकीत आली कुठनं?"

सगळ्यांनी मोनिकाकडं पाहिलं. मल्हाररावांनी तिला जवळ बोलावलं. त्यांना ओरडायचं होतं, पण आवाज निघाला तो भलताच बारीक.

"कुणी दिली गं? नाव सांग त्याचं. हातपाय जागेवर ठेवत नाय त्याचे."

मोनिका म्हणाली, "अप्पा, सगळ्यांसमोर नका विचारू."

"सगळ्यांसमोरच सांग. भितीस कुणाला?"

"तुम्हालाच," ती म्हणाली, आणि मग तिचं सुटलंच. "कोपऱ्यावरच्या शेठकडनं घेतली. तुम्ही मला मैदानावरनं येताना पाठवता ना, पुडी आणायला? 'अप्पांचं ते द्या' म्हणायचं, मग शेठ काउंटरच्या खाली हात घालतो. एक दिवस त्यानं दोन वस्तू काढल्या. म्हणला, हे अप्पांचं आन् हे तुझं. टेन्शनला चांगलं असतं, नुसती वाफ हाय. मला वाटलं, अप्पांचं आपण रोज नेतो, मग यात काय एवढं."

वाचकहो, त्या वर्कशॉपमध्ये पाच टनांची प्रेस आहे. ती कुणी छातीवर सोडली असती तरी मल्हारराव इतके खचले नसते! त्यांचा हात आपोआप शर्टाच्या खिशाकडं गेला. पुडी तिथंच होती. साहेबरावांचाही हात खिशाकडं गेला होता, पण तो त्यांनी रुमाल काढायला गेल्यासारखा केला.

"हे चालायचं नाय," साहेबराव म्हणाले. "त्या शेठचं दुकान बंद करू आपण. मोर्चा काढू."

"काढू ना," सत्यशीलाताई म्हणाल्या. "पण साहेबराव, मोर्च्यात घोषणा द्याव्या लागतात. तोंड रिकामं लागतं."

साहेबराव रुमालात शिंकले.

सत्यशीलाताईंनी मग खुर्ची मल्हाररावांच्या समोर ओढली. "भाऊ, राग मानू नका. गुटख्याला बंदी आली तवा आपण काय केलं? टाळ्या वाजवल्या, आन् दुसऱ्या दिवशी हळू आवाजात मागायला शिकलो. शेठनं तेवढंच ध्यानात ठेवलं, की ह्या वस्तीत बंदीचा माल काउंटरच्या वर नाय, खाली ठेवायचा. ती खालची जागा आपण करून दिली त्याला. तिथं आधी तुमची पुडी बसली. शेजारी पोरीची वाफ येऊन बसली. उद्या अजून काय बसंल, आपल्याला नाव बी म्हाईत नसंल त्याचं. पोलिसांनी धाड टाकावीच, मी स्वतः अर्ज लिहून देते. पण धाड एक दिवस पडते. गिऱ्हाईक रोज जातं."

"आन् वाफच हाय ती, असं म्हणत्यात..." केसरबाई आशेनं म्हणाल्या.

"निकोटीन हाय त्यात, बाई. वाफ वाटती म्हणून पोरं दिवसभर ओढत्यात. ती दम खाती."

सभा तशीच विरघळली. पेढे मात्र सगळ्यांनी नेले.

माणसं गेल्यावर मल्हाररावांनी ती पिवळी वस्तू वाइसच्या जबड्यात आवळली. मोनिकाला वाटलं, अप्पा हातोडी घालणार. पण त्यांनी चष्मा लावला आणि बारीक करवतीनं कड कापून ती उघडली. यंत्र कसलंही असो, आधी आतून बघायचं. आत बोटभर बॅटरी होती, एक तार होती आणि चिकट पिवळ्या रसात बुडालेला कापसाचा बोळा होता. आंब्याचा वास गेला होता. जळक्या प्लास्टिकचा येत होता.

"चांगली बॅटरी हाय," ते म्हणाले. "फेकून द्यायला बनवलीय. जोडणाऱ्यानं उघडायची सोयच ठेवली नाय. एकदा ओढून संपली की भंगार."

मोनिका बोळ्याकडं बघत होती. "हे माझ्या छातीत जायचं?"

मल्हाररावांनी खिशातली पुडी काढली, तीही करवतीनं कापली आणि त्या बोळ्याच्या शेजारी रिकामी केली. लालसर चुरा फडक्यावर पसरला. बाप-लेक दोघंही दोन्ही ढिगांकडं बघत राहिले. कुठला जास्त घाण दिसतो, हे ठरवणं अवघड होतं.

"चल," ते म्हणाले.

कोपऱ्यावरच्या दुकानात खंडेनवमीची गर्दी होती. मल्हाररावांना पाहताच शेठचा हात सवयीनं काउंटरच्या खाली गेला.

"शेठ, हात वर काढा," मल्हारराव म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते या दुकानात मोठ्यानं बोलत होते. "आजपासून मी ते मागायला येणार नाय. माझी पोरगी येणार नाय. आन् पोरीच्या हातात तुम्ही काय दिलं, त्याचा अर्ज सिस्टर लिहिताहेत. त्याच्यावर पहिली सही माझी. मी बी गिऱ्हाईक होतो, हे पण त्यात लिहायला सांगितलंय."

गर्दीतल्या तिघा-चौघांनी एकदम बिस्किटांचे पुडे बघायला सुरुवात केली. त्यात साहेबरावही होते.

पुढचे पंधरा दिवस घरात सणासारखे गेले नाहीत. मोनिका चिडचिडायची, रात्री झोप नाही म्हणायची. मल्हारराव बडीशेप चावत फिरायचे आणि चांगल्या बेअरिंगला शिव्या द्यायचे. सत्यशीलाताई रोज येऊन दोघांना समोरासमोर बसवायच्या आणि कालचा दिवस कसा गेला ते विचारायच्या. दोनदा मोनिकाचा धीर सुटला, एकदा मल्हाररावांचा. ज्याचा सुटला त्यानं दुसऱ्याला सांगायचं, एवढंच ठरलं होतं, आणि ते त्यांनी पाळलं.

शेठवर कारवाई झाली. दुकान काही दिवस बंद होतं. ते उघडलं तेव्हा काउंटरच्या खालच्या जागेत त्यानं झाडू ठेवलेला दिसला. साहेबरावांचं म्हणणं, ही सगळी त्यांच्या ठरावाची कमाल. असू दे. हल्ली त्यांचं बोलणं निम्मं तरी कळतं, हेही नसे थोडके.

बंदी सरकार घालतं, मंडळी, आणि घालावीच. पण ती मोडायची पहिली वाट दुकानातून निघत नाही, आपल्या खिशातून निघते. आणि आपण ज्या वाटेनं जातो, त्याच वाटेनं आपली लेकरं मागोमाग येतात. त्यांच्या सॅका जरूर तपासा. फक्त त्याआधी आपला खिसा एकदा उलटा करा.

दिवाळीच्या आदल्या आठवड्यात मोनिका मैदानावर उतरली. शेवटच्या वळणावर तिचा वेग मंदावला, हात कमरेकडं जाऊ लागला. कडेला मल्हारराव घड्याळ धरून उभे होते. त्यांनी सवयीनं हात वर केला, आणि मग त्यांच्या लक्षात आलं की तोंड रिकामं आहे.

"पळ गं, मोने! पळ!"

आवाज इतका मोठा निघाला की पलीकडं पळणाऱ्या दोन अनोळखी पोरींनीही वेग वाढवला. मोनिकानं चमकून पाहिलं. इतक्या दिवसांत मैदानावर तिनं बापाचा आवाज पहिल्यांदाच ऐकला होता.

मोनिका रेषेवर पोचली तेव्हा घड्याळात दोन छप्पन्न झाले होते. अजून सहा सेकंद कमी व्हायचे होते, आणि बापाचा घसा शाबूत होता.