पोपटाच्या पोटात घुबड

मातीच्या शिट्ट्या घडवण्यात माझा हात धरणारं या नदीकाठी कोणी नाही. हे मीच सांगून टाकते, कारण माझी धाकटी बहीण इश मुयाल ते कधी सांगायची नाही.

तिच्या मुलाला, कानतोकला, मधवाल्या त्सुलची मुलगी इश कुकुम हवी होती. बोलणी दोनदा झाली होती. आमच्याकडे तिसऱ्या खेपेला मुलगा मुलीच्या दारात पोपटाची शिट्टी वाजवतो, आणि मुलीनं तीच शिट्टी घेऊन उलट वाजवली की लग्न ठरलं. शिट्टी अर्थातच मावशीनं करायची. अट एकच, दारात पोचेपर्यंत ती कोणी फुंकायची नाही. पहिला श्वास मुलीच्या दारातच पडायला हवा.

नेमकी त्याच वेळी राजाकडून सहा घुबडांची मागणी आली, वारलेल्या राणीच्या थडग्यात ठेवायला. पोपट काय नि घुबड काय, पोट मी एकाच साच्यात दाबते. फरक असतो तो आत. घुबडाची भिंत पातळ, पोकळी मोठी, म्हणून आवाज घुमतो. पोपटाची भिंत जाड. डोकी मी मागाहून चिकटवते.

भट्टीतून काढला तेव्हा पोपट हाताला जरा हलका लागला. लागला, खोटं कशाला बोलू? पण कानतोक भट्टीपाशी येरझारा घालत होता, आणि माझ्या हातून चूक होते हे मला आजवर मान्यच नव्हतं. शिट्टी दिली तशीच.

त्सुलच्या अंगणात आम्ही नटूनथटून बसलो. कानतोक उठून दारात गेला आणि छाती भरून त्यानं शिट्टी फुंकली.

“हूऽऽ... हू.”

अंगणातलं कुत्रंसुद्धा शेपूट घालून पळालं. घुबड म्हणजे पाताळाचा जासूद, आणि तो भरदुपारी मागणीच्या घरात!

त्सुल उभा राहिला. “पाव्हणं, या आता.”

“अहो, पोरगं घाबरलंय. फुंकर चुकली त्याची,” मी म्हटलं.

कानतोकनं पुन्हा वाजवली. घुबड आणखी खणखणीत बोललं.

“अक्के, जन्मात एकदा तरी खरं बोल,” इश मुयाल दात आवळून पुटपुटली.

मी कानतोककडे पाहिलं. डोळ्यातलं पाणी खाली पडू नये म्हणून तो मान वर करून झाडाकडे बघत होता.

“चूक माझी आहे,” मी म्हटलं. “घुबडाच्या पोटावर मी पोपटाचं डोकं बसवलं. हलकं लागलं, तरी गप्प बसले. पोराचा यात काही दोष नाही.”

इश मुयालनं आ वासला तो मिटेना.

“मग पोपटाचं पोट कुठं गेलं?” त्सुलनं विचारलं.

“राणीसाहेबांकडे. थडगं परवाच बंद झालं.”

“अगं बाई! म्हणजे पाताळात पोपट बोलतोय?” त्सुलची बायको फिसकन हसली. त्सुललाही हसू फुटत होतं, पण त्यानं ते गिळलं.

“चूक असेल, नाही कोण म्हणतंय? पण आवाज माझ्या दारात येऊन गेला. दुसरी शिट्टी आता चालायची नाही,” तो म्हणाला.

आम्ही उठायला लागलो. उभ्या आयुष्यात मला माझ्या हातांचा एवढा राग कधी आला नव्हता.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून कुकुम आली. हात मक्याच्या पिठानं भरलेले. तिनं कानतोकच्या मुठीतून शिट्टी काढून घेतली, ओठांना लावली आणि तीनदा वाजवली. शेजारची माणसं कुंपणाशी गोळा झाली, इतक्या जोरात.

“कुकुमे! घुबडाला होकार देतेस?” त्सुल ओरडला.

“घुबडाला कशाला देऊ, बाबा? याला दिला. आठ महिने झाले, दाराकडे कान लावून भाकऱ्या जाळतेय मी. शिट्टीतून सुसर ओरडली असती तरी उत्तर दिलं असतं.”

मी सगळ्यांदेखत हमसाहमशी रडले. कानतोकला तर बसावं की उभं राहावं तेच कळेना.

त्सुल लेकीकडे वळला.

“मग अशी उभी काय राहतेस?” तो म्हणाला. “बस त्याच्याशेजारी.”